अंड्यांचे पैसे

(गावातल्या वाचनालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज छापतानाही तसाच ठेवला आहे.)



वाचनालयाच्या पत्रात विषय दिला होता, 'शेतकरी स्त्रीचं दीर्घ आयुष्य'. वाचून मला वाटलं, सोपं आहे, आजीवर बोलावं. माझी आजी माण तालुक्यातली, नव्वदीला टेकून गेली. पण आजीवर बोलायला लागले की माझा गळा भरून येतो, आणि भरल्या गळ्यानं माणूस हमखास खोटं बोलतो. म्हणून मी दुसरी बाई निवडली. ती अमेरिकेतली. नाव लॉरा इंगल्स वाइल्डर. ७ फेब्रुवारी १८६७ ला जन्मली, १० फेब्रुवारी १९५७ ला गेली. म्हणजे नव्वद वर्षं आणि वर तीन दिवस.

आजीची एकच गोष्ट सांगते, कारण पुढं ती लागणार आहे. आमच्या घरी शेताचा हिशोब आजोबांच्या लाल वहीत असायचा. कोंबड्यांचा हिशोब आजीच्या डालड्याच्या डब्यात. खुडूक कोंबडी कधी बसवायची, किती अंडी रवणीला ठेवायची आणि किती बाजारात न्यायची, तलंग विकायची का राखायची, हे सगळं तिच्या डोक्यात. ७२ च्या दुष्काळानंतर पाऊस झाला तेव्हा बियाणं आलं ते त्या डब्यातल्या पैशांतून. आजोबा मरेपर्यंत सांगायचे, 'काळ्या आईनं तारलं.' आजी काही बोलायची नाही. लाल वहीत अंड्यांचं पान नव्हतं.

आता लॉरा. तुमच्यातल्या काहींनी तिची पुस्तकं वाचली असतील. घनदाट रानातलं छोटं घर, माळावरचं छोटं घर, छताच्या गाडीतून चाललेलं कुटुंब, संध्याकाळी फिडल वाजवणारा बाप. अमेरिकेत पिढ्यान्पिढ्या मुलं ही पुस्तकं वाचत आली. तिथं नव्या मुलखात जाऊन जमीन फोडणाऱ्यांना फार मान आहे, आणि लॉरा त्या साऱ्यांची लाडकी लेक. पण पुस्तकांतली लॉरा तिचं लग्न होतं तिथं थांबते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढची बहात्तर वर्षं ती काय करत होती, हा मला पडलेला प्रश्न. आणि जी अठरा वर्षं पुस्तकांत आली, त्यांतल्या पैशाचा हिशोब कुणाच्या वहीत होता, हा दुसरा.

आधी बापाची गोष्ट सांगावी लागेल. चार्ल्स इंगल्स हा उमदा माणूस, हाताला कसब असलेला, पण एका जागी पाय न टिकणारा. लॉराचा जन्म विस्कॉन्सिनमधल्या पेपिनजवळचा. ती दोन वर्षांची असताना बाप बिऱ्हाड घेऊन कॅन्ससला गेला. तिथून परत विस्कॉन्सिन, मग मिनेसोटा, मग आयोवा, पुन्हा मिनेसोटा, आणि शेवटी १८७९ मध्ये डाकोटा. पोरगी बारा वर्षांची होईतो सहा वेळा चूल मोडून सहा वेळा मांडली. चूल मांडणारी आई. कॅरोलाइन तिचं नाव.

कॅन्ससचं जरा थांबून सांगते. इंडिपेंडन्स नावाच्या गावापासून काही मैलांवर चार्ल्सनं लाकडी ओंडक्यांचं घर बांधलं. जमीन ओसेज या अमेरिकेच्या मूळ रहिवासी लोकांची होती. त्यांच्यासाठी राखून ठेवलेली, करारानं. गोरे लोक बेकायदा घुसून घरं बांधत होते, आणि सरकार आज ना उद्या ओसेजांना हलवेल आणि आपल्याला एकरी सव्वा डॉलरनं जमीन मिळेल, या भरवशावर बसले होते. १८७० ची शिरगणती झाली तेव्हा इंगल्स कुटुंबाची नोंद झाली, माणसं मोजली गेली. पण मालकीच्या जमिनीची किंमत लिहायचा रकाना त्या भागातल्या लोकांपुढं कोराच राहिला, कारण जमीन त्यांची नव्हतीच. आपल्याकडं सातबाऱ्यावर कोण आहे आणि वहिवाट कुणाची आहे, यावरून डोकी फुटतात. तुम्हाला तो कोरा रकाना काय असतो हे मी समजावून सांगायला नको.

पुस्तकात या घराचं वर्णन इतकं सुंदर आहे की वाचणाऱ्यालाही तिथं राहावंसं वाटतं. प्रत्यक्षात लॉरा तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. म्हणजे तिला आठवत होतं ते बापानं पुढं सांगितलेलं. कुटुंब १८७१ मध्ये परत फिरलं. ओसेजांनाही तिथून जावं लागलं. ते आजच्या ओक्लाहोमात गेले, आणि तिथली जमीन त्यांनी स्वतःच्या पैशानं विकत घेतली. चार्ल्सनं कॅन्ससच्या जमिनीला एक छदामही दिला नव्हता.

मग मिनेसोटा, वॉलनट ग्रोव्ह, ओढ्याच्या काठात खणलेलं मातीचं घर. १८७५ मध्ये गहू ओंबीला आला आणि टोळ आले. आपल्याकडं टोळधाड हा शब्द आता शिवीसारखा वापरतात. तिथं ती खरी होती. सूर्य झाकला जायचा आणि कुरतडण्याचा आवाज रात्रभर यायचा. कुंपणाच्या लाकडावरचा मऊ भागही त्यांनी ठेवला नाही. जाताना अंडी घालून गेले, म्हणजे पुढच्या वर्षाचीही सोय झाली. याच टोळांची जात पुढं तीसेक वर्षांत पृथ्वीवरून नाहीशी झाली. १९०२ नंतर जिवंत टोळ कुणाला सापडला नाही. ज्यानं इतक्या घरांची वाट लावली, तो असा मुकाट निघून गेला.

चार्ल्स पायी चालत पूर्वेकडं मजुरीला गेला. हे पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते असं, की सरकारी पीठ मिळवण्यासाठी त्याला कागदावर सही करून लिहून द्यावं लागलं, की माझ्याकडं उदरनिर्वाहाचं काहीही साधन नाही. दुष्काळी कामावर नाव घालायला गेलेल्या आपल्या माणसांनी जशी मान खाली घातली असेल, तशीच. पुस्तकातला बाप कुणापुढं हात पसरत नाही. लेकीनं त्याची ती सही झाकली. मी तिला दोष देत नाही. आपणही आपल्या बापाची अशी एखादी सही झाकलेली असते.

त्यानंतरचं आयोवातलं वर्ष तिनं पुस्तकांतून पुरतंच गाळलं. नऊ महिन्यांचा भाऊ फ्रेडी वाटेत गेला. बर ओक नावाच्या गावात एका हॉटेलात आईबाप राबले, आणि नऊ-दहा वर्षांची लॉरा भांडी घासून, पोरं सांभाळून हातभार लावत होती. भाडं थकलं. घरमालक थांबायला तयार नव्हता. तेव्हा रात्रीच्या अंधारात गाडी जुंपून हे कुटुंब तिथून निघालं. तिच्या आठवणींच्या मूळ हस्तलिखितात हे आहे. ते हस्तलिखित छापून लोकांपुढं यायला २०१४ उजाडलं.

डाकोटाचा मुलूख कसा होता ते सांगते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं सरकार १६० एकर जमीन देत होतं. थोडी फी भरायची, पाच वर्षं राहून कसून दाखवायची, की जमीन तुमची. १६० एकर! आपल्याकडं चार भाऊ दीड एकरावरून कोर्टात जातात. पण पाऊस किती, हे कुणी विचारत नव्हतं. उलट रेल्वेवाले आणि जमिनीचे दलाल सांगत सुटले होते, की नांगर चालला की त्याच्यामागून पाऊस येतो. माती उघडी पडली की ढग भरून येतात म्हणे. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या भूसर्वेक्षकानं १८७८ मध्येच अहवाल देऊन सांगितलं होतं, की शंभराव्या रेखांशाच्या पलीकडं वीस इंचांहून कमी पाऊस आहे, तिथं अशी शेती चालायची नाही. वीस इंच म्हणजे पाचशे मिलिमीटर. माणदेशातल्या माणसाला हा आकडा तोंडपाठ असतो. लॉराचं डी स्मेट गाव त्या रेषेच्या जरा अलीकडं, म्हणजे चांगल्या वर्षी भुलवायचं आणि वाईट वर्षी बुडवायचं, अशा बेताच्या जागी.

या कायद्यात आणखी एक गंमत होती. एकवीस वर्षांची अविवाहित बाई किंवा विधवा आपल्या नावावर जमीन मागू शकत होती. लग्न झालेली बाई नाही. लॉराच्या पुढं नणंद झालेल्या एलायझा जेननं डी स्मेटजवळ स्वतःच्या नावावर दावा लावला होता. पुस्तकात ही एलायझा जेन खाष्ट मास्तरीण म्हणून येते. मला मात्र ती एकदा भेटावी असं वाटतं.

१८८० चा हिवाळा. ऑक्टोबरच्या मध्यातच पहिलं हिमवादळ आलं, आणि मग ती थांबलीच नाहीत. जानेवारीत आगगाड्या बंद पडल्या त्या वसंतापर्यंत. गावात कोळसा नाही, रॉकेल नाही, पीठ नाही. सगळी मदार एका वस्तूवर येऊन ठेपली, ती म्हणजे कॉफी दळायची हातचक्की. तिच्यात बियाण्याचा गहू घालायचा आणि फिरवायचं. चक्की केवढी, तर ओंजळभर दाणे मावतील एवढी. एका दिवसाच्या भाकरीसाठी घरातल्या माणसांनी पाळी लावून दिवसभर फिरवायची. आपल्या जात्यानं या चक्कीच्या कितीतरी पट दळण दिलं असतं, पण जातं तिथं नव्हतं. आणि जळण म्हणून गवत. सुकलेलं पाणथळीतलं गवत घेऊन त्याचा पीळ घालायचा, दुमडायचा, टोक खोचायचं, की हातभर लांबीचा दांडा तयार. तो चुलीत भुर्रकन जळतो. म्हणजे एकानं पीळ घालत बसायचं, तेव्हा कुठं चूल धगधगती राहायची. त्या गवतानं तळहात चिरतात. लॉरा आणि बाप थंडगार पडवीत उभे राहून हे करत. सुगीत ज्यांनी दोर वळलेत त्यांना माहीत आहे, वाळल्या पात्याची धार कशी लागते.

या हिवाळ्यावरच्या पुस्तकात घरात फक्त इंगल्स कुटुंब आहे. खरं तर एक तरुण जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळ याच घरात सगळा हिवाळा राहिलं होतं. कामाला हात लावत नव्हतं आणि जेवायला पुढं असायचं. लॉरानं त्यांना पुस्तकात घेतलंच नाही. साठ वर्षांनी काढलेला हा सूड मला फार आवडतो.

थोरली बहीण मेरी चौदाव्या वर्षी आजारपणात आंधळी झाली होती. तिला आयोवातल्या विंटन इथल्या अंधांच्या कॉलेजात पाठवायचं ठरलं. शिकवण्याचा खर्च सरकारचा, पण कपडे, प्रवास, वरखर्च घरचा. मग लॉरा एका दुकानात शर्ट शिवायला बसली, दिवसाला पंचवीस सेंट. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास एका आडबाजूच्या शाळेत शिकवायला गेली, दोन महिन्यांचे चाळीस डॉलर. पैसे बापाच्या हातात दिले. बापाच्या १६० एकरांतून मेरीचं शिक्षण निघत नव्हतं. पुढं चार्ल्सनं ती जमीन कायद्यानं आपल्या नावावर करून घेतली आणि काही वर्षांत विकून टाकली. तो गेला तेव्हा गावात राहत होता, सुतारकाम आणि पडेल ते काम करत. तरीही गोष्टीत तोच शेतकरी.

१८८५ मध्ये लॉराचं लग्न झालं, अल्मँझो वाइल्डरशी. घोड्यांचा दर्दी, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. लग्नाआधीची तिची अट मला मोलाची वाटते. तिनं त्याला सांगितलं होतं, की मला शेतकऱ्याची बायको व्हायचं नाही, त्यात बाईचे हाल फार आणि पैसा नाही. तो म्हणाला, तीन वर्षं करून बघू, नाही जमलं तर सोडू. हे तिनं ज्या कादंबरीत लिहिलं, ती तिच्या मरणानंतर, १९७१ मध्ये बाहेर आली. शेतकरी पोरांना मुली मिळत नाहीत म्हणून आपण हल्ली परिसंवाद भरवतो. १८८५ मध्येही एका हुशार पोरीनं तेच म्हटलं होतं, आणि ती शेतकऱ्याचीच पोरगी होती.

तीन वर्षांची चार झाली. पहिल्या वर्षी गहू कापणीला आला आणि वीस मिनिटांच्या गारपिटीनं सगळा झोपवला. मग तिला कळलं की राहत्या घरावर पाचशे डॉलर कर्ज आहे, नवऱ्यानं लग्नाआधी सांगितलंच नव्हतं. १८८८ मध्ये दोघांना घटसर्प झाला. अल्मँझो बरा व्हायच्या आत कामाला लागला आणि लकवा मारला. पाय जन्माचे अधू झाले. १८८९ मध्ये एक मुलगा झाला, तो बारशाआधीच गेला. थडग्यावर त्याचं नाव नाही, बापाचं आहे. त्याच महिन्यात चुलीतून आग लागून घर जळालं. झाडं लावून जमीन मिळवायचा आणखी एक सरकारी कायदा होता, त्याखाली लावलेली रोपं दुष्काळानं वाळून गेली. अठरा ते बावीस या वयात एका बाईनं हे सगळं पाहिलं. हातात उरली ती १८८६ ला झालेली मुलगी रोझ.

मधली काही वर्षं ते मिनेसोटात सासरी, मग हवापालटासाठी फ्लोरिडात गेले. दोन्हीकडं जमलं नाही. परत डी स्मेट. इथून पुढचं नीट ऐका, कारण माझं सगळं व्याख्यान या एका नोटेवर उभं आहे.

परत आल्यावर लॉरा एका शिवणकाम करणारणीकडं कामाला लागली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, काजं करायची. दिवसाचा एक डॉलर. त्यातून वाचवून वाचवून शंभर डॉलरची एक नोट झाली. १७ जुलै १८९४ ला तिघं गाडीतून मिझुरीकडं निघाले, साडेसहाशे मैल. नोट होती लॉराच्या लिहिण्याच्या लाकडी पेटीत. वाटेत ती रोज चार ओळी लिहायची. कुठं पीक कसं आहे, उष्मा किती, वाटेत भेटलेली माणसं कुठून कुठं चाललीत. ३० ऑगस्टला मॅन्सफील्डला पोचले. चाळीस एकरांचा एक खडकाळ, झाडोऱ्यानं भरलेला तुकडा पसंत पडला. सौदा करायला निघाले, पेटी उघडली, आणि नोट नाही.

रोझ तेव्हा सात वर्षांची होती. तिनं पुढं लिहून ठेवलंय, की आईबापांनी तिलाही विचारलं, तू कुणाला सांगितलंस का, तू घेतलीस का. तो प्रश्न ती म्हातारपणापर्यंत विसरली नाही. काही दिवसांनी नोट सापडली, पेटीच्याच एका फटीत सरकून बसलेली. तीच भरून जमीन घेतली. लॉरानं तिचं नाव ठेवलं रॉकी रिज. म्हणजे शेतीच्या पैशानं ही जमीन आली नाही. डाकोटातल्या शेतीनं तर त्यांना कर्ज, अधू पाय आणि एक निनावी थडगं दिलं होतं. ही जमीन काजाबटणांच्या पैशांतून आली.

तिथं खिडकी नसलेली लाकडी झोपडी होती. आधीच्या मालकानं सफरचंदाची रोपं आणून ठेवली होती, पण ती लावून फळ धरायला सात-आठ वर्षं. तोवर खायचं काय? अल्मँझो आणि लॉरा दोघं मिळून करवतीनं झाडं कापत. एका टोकाला तो अधू पायांनी, दुसऱ्या टोकाला ही पावणेपाच फुटांच्या जरा वर. सरपणाची पहिली गाडी गावात पन्नास सेंटला गेली. आणि कोंबड्या. पहिल्या दिवसापासून कोंबड्या. काही वर्षं तेवढ्यानंही भागेना, तेव्हा बिऱ्हाड गावात हलवलं. तो मालवाहू गाडी हाकायचा, ती रेल्वेच्या माणसांना जेवण रांधून घालायची. आपल्या भाषेत खाणावळ. या खाणावळीच्या आणि गाडीच्या पैशांतून पुढं शेत वाढत गेलं, शेवटी दोनशे एकरांच्या घरात पोचलं. घर खोली-खोलीनं वाढवत १९१३ च्या सुमारास पुरं झालं.

तिच्या कोंबड्या लेगहॉर्न जातीच्या. हडकुळ्या, अंडी मात्र भरपूर. तिची ख्याती ही, की कडाक्याच्या थंडीत इतरांच्या कोंबड्या बंद पडायच्या तेव्हा हिच्या अंडी देत असायच्या. त्याचं गूढ काही नव्हतं. खुराड्याचं तोंड कुठं हवं, वारा कुठून लागतो, कोरडं अंथरूण कधी बदलायचं, हिवाळ्यात हिरवा चारा कसा द्यायचा, हे ती टिपून ठेवायची. शेतकऱ्यांच्या सभांतून कोंबड्यांवर बोलायला तिला बोलावू लागले. अशाच एका सभेला तिला जाता आलं नाही, म्हणून भाषण लिहून पाठवलं. ते दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं. सभेत 'मिझुरी रुरलिस्ट' या शेतकऱ्यांच्या पत्राचा संपादक बसला होता. त्यानं तिला लिहायला सांगितलं. १९११ मध्ये पहिला लेख छापून आला, तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. साऱ्या जगानं वाचलेल्या या लेखिकेची सुरुवात खुराड्यातून झाली, आणि तेही ती सभेला गैरहजर राहिली म्हणून.

१९२४ पर्यंत ती त्या पत्रात नेमानं लिहीत राहिली. शेतकरीण काय विचार करते, असं एका सदराचं नावच होतं. मी यातले बरेच लेख वाचलेत. काही ठिकाणी ती फार उपदेश करते, ते मी सोडून देते. पण जिथं ती हिशोबावर येते तिथं ऐकत राहावं. तिचं म्हणणं, शेत ही भागीदारी आहे, बाई त्यात बरोबरीची भागीदार आहे, तर तिला धंद्यातलं सगळं माहीत हवं. नवरा नवं यंत्र घेताना विचार करत नाही आणि विहिरीवरून पाणी वाहणाऱ्या बायकोसाठी नळ घेताना दहादा विचार करतो, हा तिचा राग. तिनं आपल्या घरी झऱ्याचं पाणी उतारावरून थेट स्वयंपाकघरात आणून घेतलं होतं.

आणि आता जे सांगते ते अमेरिकेतही कुणी फारसं सांगत नाही. १९१६ मध्ये तिथं शेतकऱ्यांना दीर्घ मुदतीचं कर्ज देणारा कायदा झाला. त्याची पद्धत अशी, की गावातल्या किमान दहा कर्जदारांनी मिळून एक संस्था काढायची, प्रत्येकानं कर्जाच्या पाच टक्के रकमेचे शेअर घ्यायचे, आणि मग मोठ्या बँकेकडून सहा टक्क्यांच्या आतल्या व्याजानं पैसा मिळायचा. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आणि हा कायदा, दोन्हींची मुळं जर्मनीतल्या शेतकरी पतसंस्थांत आहेत. मॅन्सफील्डच्या संस्थेची सचिव आणि खजिनदार लॉरा होती. आपल्या भाषेत सोसायटीची सेक्रेटरी. दहाएक वर्षं तिनं हे काम केलं. अर्ज भरून घेणं, जमिनीचे कागद बघणं, हप्ता थकला तर बोलावून विचारणं. जवळजवळ दहा लाख डॉलरची कर्जं तिच्या हातून गेली. नवऱ्यानं घरावरचं कर्ज लपवलं म्हणून जिचा संसार पहिल्याच वर्षी हादरला होता, ती बाई आता गावातल्या पुरुषांना विचारत होती, आधीचं कर्ज किती, आणि सगळं सांगितलंत ना?

मोठी पुस्तकं त्यानंतरची. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि रोझच्या सल्ल्यानं गुंतवलेली पुंजी बुडाली. रोझ एव्हाना नावाजलेली लेखिका होती. लॉरा तेव्हा त्रेसष्टीला आली होती, आणि तिनं शाळकरी पोरांच्या रेघी वह्या आणून पेन्सिलीनं बालपण लिहून काढलं. पहिलं पुस्तक १९३२ मध्ये आलं, तेव्हा ती पासष्ट वर्षांची. शेवटचं १९४३ मध्ये. रोझनं ती टाइप केली, कापली, सांधली. कुणाचा हात किती यावर तिथले अभ्यासक अजून भांडतात. माझ्या मते लेकीनं गोष्टीला घाट दिला, पण गवताचा पीळ कसा घालतात हे फक्त आईला ठाऊक होतं.

मला खटकतं ते वेगळंच. या पुस्तकांतलं कुटुंब सगळं स्वतःच्या बळावर करतं, कुणाची मदत घेत नाही, सरकारची तर नाहीच. रोझला ते मत अतिशय प्रिय होतं. सरकारी मदतीवर तिचा दातच होता. पण फुकटची जमीन सरकारनं दिली. रेल्वेला जमिनी सरकारनं दिल्या. टोळांच्या साली पीठ सरकारनं दिलं. मेरीचं शिक्षण सरकारी पैशानं झालं. आणि स्वतः लॉरा सरकारी कायद्याखालची कर्जं वाटत होती. लाल वहीत अंड्यांचं पान नसावं, तसंच हे झालं. फरक एवढाच की इथं ते पान अंडी विकणारीनं स्वतःच फाडलं.

ओसेजांचंही तसंच. माळावरच्या पुस्तकाच्या सुरुवातीला एक वाक्य होतं. त्यात त्या मुलखात माणसं नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचं लिहिलं होतं. १९३५ पासून सतरा वर्षं कुणाला ते खटकलं नाही. १९५२ मध्ये एका वाचकानं प्रकाशकाला लिहिलं. पंच्याऐंशीच्या लॉरानं लगेच चूक कबूल केली, आणि पुढच्या आवृत्तीत 'माणसं'च्या जागी 'वस्ती करणारे' असा शब्द घातला. शब्द बदलला, गोष्ट तीच राहिली. १९५४ मध्ये तिच्या नावानं बालसाहित्याचा मोठा पुरस्कार सुरू झाला, पहिला मान तिलाच मिळाला. २०१८ मध्ये तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं त्या पुरस्कारावरून तिचं नाव काढलं. त्यावर फार वाद झाला. मला दोन्ही बाजूंचं पटतं. पुस्तक मुलांच्या हातून काढून घेऊ नये असंही वाटतं, आणि ओसेज पोरानं ते वर्गात बसून मोठ्यानं वाचावं असंही वाटत नाही.

अल्मँझो १९४९ मध्ये गेला, ब्याण्णव वर्षांचा. डॉक्टरांनी ज्याला तिशीत अधू ठरवलं होतं, तो साठ वर्षं लंगडत शेत करत राहिला. मागं सात वर्षं लॉरा रॉकी रिजवर एकटी राहिली. मुलांची पत्रं गठ्ठ्यानं यायची, जमेल तितक्यांना ती हातानं उत्तर लिहायची. ज्या घरात ती गेली ते तिनं अंड्या-सरपणाच्या पैशानं बांधलं होतं.

ते घर आता वस्तुसंग्रहालय आहे. बापाचं फिडल काचेत ठेवलंय, लोक लांबून लांबून ते बघायला येतात. मला जायचा योग आला तर मी आधी स्वयंपाकघरात जाणार आहे. अल्मँझोनं तिथला ओटा तिच्या उंचीचा करून दिला होता. बाई पाच फुटांच्या आत, म्हणून तो नेहमीच्या ओट्याहून बराच खाली. आमच्या आजीचीही उंची तेवढीच. नव्या घरात ओटा घातला तेव्हा गवंड्यानं मापाप्रमाणे घातला, आणि पुढची वीस वर्षं ती पाटावर उभं राहून भाकरी थापत होती.